दहा व्होल्ट, शंभर अँपिअर: विजेच्या सायकलचा इतिहास आणि दुकानात विचारायचे प्रश्न

आजचा भाग विजेच्या सायकलवर. निमित्त घरचंच आहे. आई साताऱ्यात असते, वय ५७, गुडघे कुरकुरतात, आणि स्कूटर शिकायची तिची अजिबात तयारी नाही. सायकल मात्र शाळेत होती तेव्हापासून चालवते. "ती बॅटरीवाली बघ रे माझ्यासाठी," म्हणाली. मी दुकानात जायच्या आधी इतिहासात शिरलो. आम्हा कोडवाल्यांची सवयच ती, नवीन सिस्टीम हातात आली की आधी जुने कमिट वाचायचे. आणि या वेळी त्याचा उपयोग झाला, कारण दुकानात जे प्रश्न विचारायला हवेत ते जवळजवळ सगळे सव्वाशे वर्षांत कुणी ना कुणी पैसे घालवून सोडवून ठेवलेत.

सुरुवात पॅरिसमधून. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे या संशोधकाने तीनचाकी सायकलला विजेची मोटर लावून ती रस्त्यावर चालवली. पण दोन चाकांची आणि आपल्याला आज ओळखीची वाटेल अशी सायकल भेटते ती अमेरिकेत. ओहायो राज्यातल्या ओग्डेन बोल्टन ज्युनिअर यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी पेटंट मिळालं. त्यातलं चित्र शोधून बघाच. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, बॅटरी दांड्यांमधल्या त्रिकोणात. आज दुकानात उभं असलेलं स्वस्तातलं मॉडेल आणि हे चित्र शेजारी ठेवलं तर फरक सांगायला दोन मिनिटं लागतील.

पेटंटमध्ये आकडे आहेत: १० व्होल्टची बॅटरी आणि १०० अँपिअरपर्यंत करंट. शाळेतलं गणित आठवा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. म्हणजे १००० वॅट! आजच्या २५० वॅटच्या चौपट. मग ही सायकल जगभर का नाही धावली? कारण ताकद आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा परत चार्ज करता येईल अशी हाताशी असलेली बॅटरी म्हणजे मुख्यतः शिशाची, गॅस्तोन प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली. आजची चांगली शिशाची बॅटरीसुद्धा एका किलोत तीस-चाळीस वॉट-अवर साठवते. १००० वॅट तासभर हवे असतील तर पंचवीस-तीस किलो नुसतं शिसं वाहायचं. त्यात १०० अँपिअर करंट, म्हणजे वायरी जाडजूड आणि गरम. आज ३६ किंवा ४८ व्होल्ट वापरतात ते याचसाठी. ३६ व्होल्टवर २५० वॅटला सातच अँपिअर पुरतात.

दुकानातला पहिला प्रश्न इथेच तयार होतो. "एका चार्जमध्ये किती किलोमीटर?" हे विचारू नका. उत्तर नेहमी गोड असतं. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर विचारा आणि गुणाकार स्वतः करा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॉट-अवर. पायडल मारत चालवली तर एका किलोमीटरला साधारण दहा ते पंधरा वॉट-अवर जातात. म्हणजे पंचवीस ते पस्तीस किलोमीटर. पायडल न मारता नुसती मूठ पिळत गेलात, किंवा रस्ता चढाचा असेल, तर त्याहून कमी. बॅटरी जुनी होईल तसं अजून कमी. रोजच्या येण्या-जाण्याच्या दीडपट तरी आकडा हातात असावा.

बोल्टनला दोन वर्षं होतात न होतात तोच, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होजिया लिबी यांनी दुसरा मार्ग पेटंट केला. त्यांनी मोटर पायडलच्या आसापाशी बसवली. हब मोटर की मधली मोटर, यावर आज यूट्यूबवर लोक हमरीतुमरीवर येतात ना, ते भांडण १८९७ पासूनचं आहे! फरक साधा आहे. मधली मोटर चेनमधून ताकद देते, त्यामुळे सायकलचे गिअर तिच्याही कामी येतात आणि चढावर तिची चांदी असते. पण चेन आणि दातेरी चकत्या लवकर झिजतात, आणि किंमतही जास्त. हब मोटर स्वस्त, दुरुस्तीला सोपी. पण ती चाकाच्याच वेगाने बांधलेली असते. दमछाक होणाऱ्या चढावर चाक हळू फिरायला लागलं की करंट कामाऐवजी उष्णतेत जातो. म्हणून चढ आला की थांबून मूठ पिळायची नाही, आधीच हलका गिअर टाकून पाय चालवत राहायचं.

हे न जमल्यामुळे एक मोठा माणूस तोंडघशी पडला. सर क्लाइव्ह सिंक्लेअर, झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवाले. आमच्या धंद्यातले लोक यांना मानतात. त्यांनी १० जानेवारी १९८५ ला लंडनमध्ये सी-५ नावाचं तीनचाकी आणलं. किंमत ३९९ पौंड, लायसन्सची गरज नाही. जमिनीला टेकल्यासारखी बैठक, वर छप्पर नाही, शिशाची बॅटरी, आणि पायडलला गिअरच नाहीत. भर थंडीत लाँच, आणि थंडीत बॅटरी ढेपाळते. चढावर मोटर गरम. त्याच वर्षी उत्पादन बंद पडलं. माझं मत विचाराल तर मोटर किंवा बॅटरीपेक्षा मोठी चूक वेगळी होती: ट्रकवाल्याला आपण दिसू का, हा प्रश्न कुणी नीट विचारला नाही. सायकल घेताना हेच बघा. ताठ बसता येतं का, मागे वळून बघता येतं का, मागचा दिवा बॅटरीवरच चालतो का. आईसाठी मी खाली झुकलेल्या दांडीची फ्रेम ठरवली ती याच हिशोबाने. साडी असो वा सलवार, पाय पटकन जमिनीवर टेकला पाहिजे, कारण या सायकली वीस-पंचवीस किलोच्या असतात आणि एकदा कलंडायला लागल्या की सावरत नाहीत.

खरी कलाटणी जपानने दिली. १९९३ मध्ये यामाहाने 'पास' नावाची सायकल आणली. बॅटरी तेव्हाही शिशाचीच! नवीन होता तो सेन्सर. पायडलवर तुम्ही किती जोर लावता ते मोजायचं आणि तेवढाच जोर मोटरने द्यायचा. तिथल्या नियमाप्रमाणे ताशी १५ किलोमीटरपर्यंत एकास एक, आणि पुढे कमी करत करत २४ ला मदत शून्य. स्वतःहून धावली असती तर कायद्याने ती मोपेड ठरली असती, लायसन्स आलं असतं. पाय चालले तरच मोटर चालेल, त्यामुळे ती सायकलच राहिली. मला हा इतिहासातला सगळ्यात हुशार डिझाइन निर्णय वाटतो.

आपल्या बाजारात दोन प्रकारचे सेन्सर दिसतात. एक जोर मोजतो. दुसरा, स्वस्त, फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच बघतो. दुसऱ्यात अर्धा फेरा झाला की मोटर एकदम ढकलते, आणि सिग्नलला पुढे रिक्षा उभी असेल तर काळजाचा ठोका चुकतो. त्यामुळे ट्रायल घेताना मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. अरुंद बोळात यू-टर्न मारून बघा. आणि ब्रेक दाबल्यावर मोटर तत्क्षणी बंद होते का, हे चाक उचलून तपासा.

आता कायदा. युरोपने २००२ मध्ये २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही रेघ ओढली. आपल्याकडेही २५० वॅट आणि २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरीच्या वाहनाला मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. एका दुकानात मला हळूच सांगितलं गेलं, "सर, लॉक काढून देतो, चाळीस जाईल." कृपया हे करू नका. चाळीसला थांबायला पंचवीसच्या अडीचपट अंतर लागतं, आणि ब्रेक, रिम, स्पोक त्यासाठी बनलेलेच नसतात. शिवाय त्या क्षणी ती कायद्यापुढे सायकल उरत नाही. कुणाला धडकलात तर विमा नसलेलं, नोंदणी नसलेलं वाहन चालवणारे तुम्ही.

आणि आता ज्यासाठी हा भाग खरं तर केला ते. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि पुढे तीच सायकलमध्ये शिरल्यावर शिशाचं ओझं गेलं. पण न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. डिलिव्हरीची मुलं दिवसभर सायकल चालवून रात्री घरात चार्जिंगला लावत. त्यात स्वस्त, जुने सेल जोडून बनवलेले पॅक, न जुळणारे चार्जर, आणि कित्येकदा सायकल दारातच उभी, म्हणजे आग लागली की बाहेर पडायची वाटच बंद. त्याच वर्षी शहराने प्रमाणित नसलेल्या सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी केली.

आपल्या सोसायट्यांमधला जिना आठवा. कळलं ना मी काय म्हणतोय ते?

तर, चार्जिंग दारात किंवा जिन्यात नको, गादीजवळ नको, आणि झोपल्यावर तर नकोच. उन्हातून आल्या आल्या लावू नका, अर्धा तास निवू द्या. बॅटरी फुगली, वास आला, किंवा पडून तिला पोचा आला तर वापर तिथेच थांबवायचा. नेहमीच्या ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल ओळीने असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणून चार्जरवर ४२ लिहिलेलं असतं. ४८ वाल्यावर ५४.६. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांचे आकडे वेगळे. त्या जड असतात पण तापायला जास्त सोशिक. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही! शेजाऱ्याचा चार्जर मागून आणायचा नाही. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली की तिचं आयुष्य घटतं.

बाकी देखभाल सायकलचीच. चेनला तेल, टायरला हवा, आणि ब्रेकचे रबर साध्या सायकलपेक्षा लवकर बदलायची तयारी, कारण वजन जास्त. पावसाळ्यात पाइपाने फवारा मारून धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हब मोटर असेल तर मागच्या आसाचे नट महिन्यातून एकदा पान्याने तपासा, मोटर त्यांनाच उलटा पीळ देत असते. पंक्चरवाले काका बहुतेक वेळा चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून पॅच मारतात, ते चालतं. पण टायर बदलायचा झाला तर मोटरची वायर कुठून सुटते ते घेतानाच दुकानदाराकडून बघून फोटो काढून ठेवा, म्हणजे काकांना दाखवता येईल.

बॅटरी संपली की ती भंगारात द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. परत कुठे द्यायची आणि नवी कितीला पडेल, हे दोन्ही बिल फाडण्याआधी विचारा. आईच्या यादीत मी हा प्रश्न सगळ्यात वर लिहिलाय.