रत्नागिरीचा गॅस, रत्नागिरीचा कोळसा

रत्नागिरी म्हटलं की हापूस, समुद्र आणि टिळक. पण महाराष्ट्राला विजेचा सगळ्यात महागडा धडा याच जिल्ह्यानं दिला. आज तीच गोष्ट.

जून 1992. अमेरिकेच्या एन्रॉननं वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीजवळ, गॅसवर चालणारं अवाढव्य वीज केंद्र उभं राहणार होतं. जागतिक बँकेनं 1993 मध्येच पैसे द्यायला नकार दिला. म्हणणं साधं होतं: ही वीज कोळशापेक्षा महाग पडेल. तरी डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदी करार झालाच.

मेख करारात होती. आपण क्लाउडवर सर्व्हर वर्षभरासाठी राखून ठेवतो ना? वापरा, नका वापरू, भाडं चालूच. इथेही तसंच. वीज घ्या वा न घ्या, ठरलेली रक्कम द्यायचीच. तीही डॉलरशी बांधलेली. वर इंधन महागलं तर तोही बोजा मंडळावर, म्हणजे शेवटी आपल्यावर.

1995 मध्ये युती सरकारनं प्रकल्प रद्द केला आणि 1996 मध्ये नव्या अटींवर परत घेतला. मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, पण गॅसवर नाही, नाफ्थ्यावर! तेल भडकलं, रुपया घसरला आणि 2000 साली काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. 2001 मध्ये केंद्र बंद पडलं, डिसेंबरात एन्रॉनचंही दिवाळं निघालं. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या नव्या कंपनीनं ते ताब्यात घेतलं. पुढे देशातला गॅस आटला आणि 2013 मध्ये ते पुन्हा थंडावलं.

याच जिल्ह्यात जयगडला 2010-11 मध्ये जेएसडब्ल्यूचं कोळशाचं केंद्र सुरू झालं. 300 मेगावॅटचे चार संच, एकूण 1200. मोहोराचं काय होणार, या काळजीनं आंबा बागायतदार कोर्टात गेले. केंद्र मात्र चाललं.

मग कोळसा जिंकला का? थांबा. हा कोळसा परदेशातून जहाजानं येतो. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर त्याचे भाव उसळले आणि त्या मे महिन्यात केंद्र सरकारला वीज कायद्याचं कलम 11 वापरून आयात कोळशावरची केंद्रं पूर्ण क्षमतेनं चालवायला लावावी लागली. इंधन बदललं, डॉलर तोच.

आता खेळात सौरऊर्जा आलीये. दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त, पण संध्याकाळी सूर्य जातो आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. म्हणून कोळशाच्या संचांनी दुपारी हळूहळू 40 टक्क्यांपर्यंत खाली यावं आणि संध्याकाळी परत वर चढावं, असं केंद्राचं धोरण आहे. पण बॉयलर म्हणजे काही बटण नव्हे. थंड पडला तर पुन्हा तापायला तासन्‌तास लागतात, आणि सारखं तापवून-थंड करून पाइप थकतात.

म्हणजे कोळशाचं काम बदलतंय. चोवीस तास राबणारा आता संध्याकाळचा राखीव गडी होतोय. आणि राखीव गड्याला बसून असतानाही पगार द्यावा लागतो! दाभोळचा प्रश्न हाच होता: न वापरलेल्या विजेचे पैसे कोणी भरायचे?

पुढचं वीजबिल आलं की फक्त एकूण रक्कम बघू नका. 'स्थिर आकार' आणि 'इंधन समायोजन आकार' या दोन ओळी नीट वाचा. दाभोळ आणि जयगड, दोघांचा धडा तिथेच छापलेला असतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!