तबकडीची भाषा

ज्यांच्या घरी काळा टेलिफोन होता, त्यांना ती तबकडी आठवत असेल. पाचच्या भोकात बोट घालून फिरवली की ती करकरत मागे यायची. तेवढ्यात तारेतला प्रवाह पाचदा तुटायचा, शून्याला दहादा. अमेरिकेत १८९१ साली आल्मन स्ट्रौजर यांना पेटंट मिळालं. त्यांच्या पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये हे ठोके मोजत एक दांडा वर सरके, मग बाजूला वळे आणि समोरचा नंबर जोडला जाई.

पुढे आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे आकडे करणारं डिजिटल एक्स्चेंज आलं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटचं स्वदेशी ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं. पण देशभरातले जुने फोन, तांब्याच्या तारा आणि शेजारगावची एक्स्चेंजं एका रात्रीत कशी बदलणार? वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेला फोनच मुका झाला असता.

लोखंडी दांड्याला नवं काही शिकवणं शक्य नव्हतं. म्हणून नवं यंत्रच जुनी भाषा शिकलं. तबकडीचे ठोके मोजू लागलं, जुन्या एक्स्चेंजशी त्याच्याच खुणांनी बोलू लागलं. घरात आजीने नेहमीसारखी तबकडी फिरवली आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं. मधलं यंत्र बदललंय हे तिला कळलंही नाही. अभियंत्यांचं खरं यश तेच होतं.