पावसाळ्यात मोटारसायकल चालू होईना? गॅरेजला ढकलण्याआधी हे बघा

डेअरीवर दूध घालायची वेळ ठरलेली असते. कॅन बांधून झाले, किकवर किक मारली आणि गाडी हूं की चूं करत नाही, अशी वेळ पावसाळ्यात बऱ्याच जणांवर येते. वस्तीवरून गॅरेज लांब असेल तर दूध नासायची भीती वेगळीच. पण दर वेळी दोष मोठा असतोच असं नाही.

आधी उजव्या हँडलवरचं लाल बटन बघावं. पोरं खेळताना ते बंद करतात आणि मोठी माणसं घाम फुटेस्तोवर किक मारत बसतात. नव्या बऱ्याच गाड्या साइड स्टँड खाली असला तरी चालू होत नाहीत. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून डोळ्यांनी बघावं, काट्यावर विसंबू नये. कॉक असेल तर रिझर्व्हला फिरवावा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलेलं असतं. मग टाकीत पेट्रोल असूनही खाली उतरत नाही.

नंतर हॉर्न वाजवावा. आवाज दबका आला तर बॅटरी उतरलीय. अजिबात आला नाही तर फ्यूज बघावा, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली असेल तर घासून आवळावी. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार घालायची सवय वाईट. वायरिंग जळतं, कधी गाडीच पेटते. गोठ्यात गाडी लावणाऱ्यांनी सीटखाली एकदा हात घालावाच, उंदरांना वायरी फार आवडतात.

पावसात भिजलेल्या गाडीचा दोष बहुतेक वेळा प्लगपाशी सापडतो. टोपण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावं. प्लग खोलल्यावर तो ओला निघाला तर पेट्रोल जास्त झालंय. पुसून, वाळवून बसवावा, चोक बंद ठेवावा आणि एक्सलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किक माराव्यात. काळा पडला असेल तर पोलिश पेपरने हलकं घासावं. करंट बघायचा असेल तर प्लग टोपणात घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवावा, चावी चालू करून किक मारावी. निळी ठिणगी पडली तर करंट ठीक. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. जवळ बिडी तर नकोच.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी चालू होत नाही? मग पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपलाच, पण हे इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतं. जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल बाटलीत काढावं. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांचं गणित थोडं वेगळं. त्यातल्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज आला पाहिजे. तो नसेल तर बॅटरी, फ्यूज किंवा पंप. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर अशी गाडी ढकलूनही चालू होत नाही, कारण पंपच फिरत नाही. जुन्या बऱ्याच गाड्या मात्र बॅटरीशिवाय किकवर चालू व्हायच्या. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावर विझायला हवा. तसाच राहिला तर आत हात न घालता मिस्त्रीकडेच न्यावी.

किक एकदम हलकी लागत असेल, पायाला जोरच येत नसेल, तर दोष इंजिनाच्या आत, व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचा. तिथे घरचा पाना चालत नाही. दूध शेजाऱ्याच्या गाडीवर पाठवून द्यावं.