शब्दवेध : गुत्ता

हिंगोलीकडे रस्ता, पूल किंवा शाळेची खोली बांधणारा माणूस 'गुत्तेदार' असतो. पुण्याचा पाहुणा हे ऐकून दचकतो, कारण त्याला गुत्ता ठाऊक असतो तो फक्त दारूचा.

तेलुगूत 'गुत्त' आणि कन्नडात 'गुत्तिगे' म्हणजे मक्ता, ठरावीक रकमेला घेतलेलं काम किंवा हक्क. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारी तेलुगू आणि कन्नड, त्यामुळे हा अर्थ इथे शाबूत राहिला. दारूविक्रीचा हक्कही मक्त्यानेच दिला जाई. म्हणून 'दारूचा गुत्ता' म्हणजे आधी तो हक्क आणि मग ते दुकान. इतरत्र मक्ता विसरला गेला, वास तेवढा उरला.

गंमत इंग्रजीत आहे. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सर्वांना खुलं घर. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब खेड्यातल्या पबात निवांत जेवायचं आणि मग यॉर्कसारखं जुनं शहर हिंडायचं, ही तिकडची साधी सहल. (आपली सहल औंढा नागनाथ आणि नर्सीची. वाटेत गुत्ता लागलाच तर मुलांना दुसरीकडे बघायला सांगायचं.) पण पबच्या मालकाला म्हणतात 'पब्लिकन', आणि लॅटिनमधला 'पब्लिकानुस' हा रोमच्या सरकारी वसुलीचा मक्ता घेणारा. मराठी बायबलात तो 'जकातदार' झाला. हिंगोलीत भाषांतर झालं असतं, तर बहुधा गुत्तेदारच झाला असता.