गच्चीवरची तार

बारडोलीत आमचे घर ज्या गल्लीत आहे, तिथे दोन भाषा एकाच ओट्यावर बसतात. आम्ही ‘गच्ची’ म्हणतो, शेजारचे काका ‘अगाशी’ म्हणतात. या गच्चीवर आमच्या दादांनी एकेकाळी तांब्याची लांब तार ताणली होती. कशासाठी, तर मुंबई ‘ब’ केंद्रावरच्या मराठी बातम्या खरखर न होता ऐकू याव्यात म्हणून. १९६० साली राज्यांची सीमा जमिनीवर आखली गेली; हवेत ती कोणाला आखता आली नाही, असे दादा म्हणत.

दादा गेल्यानंतर त्याच गच्चीवर मी हौशी रेडिओ केंद्राचा खांब उभा केला. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला होता. शेजारच्या काकांनी वर पाहत विचारले, “भाई, आ थांभलो शेनो?” मी म्हणालो, “वातो करवानो, काका.” ते हसले नाहीत. म्हणाले, “बेतालीसमां आने माटे आपणा सरसनी दीकरी जेलमां गई’ती.”

ती दीकरी म्हणजे उषा मेहता. सुरतेजवळच्या सरस गावी १९२० साली त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या ‘चले जाव’ नंतर वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली, तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांबरोबर मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. डॉ. राममनोहर लोहियांचे त्याला पाठबळ होते. महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचे परवाने सरकारने रद्द केले होते, त्यामुळे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोले. खांब उभारताना मी हा आकडा वहीत मांडून पाहिला, आणि त्या मंडळींची अडचण मला प्रथमच कळली. सरळ अर्ध्या लहरीची तार घ्यायची तर ती सुमारे वीस मीटर लांब हवी. ती उंच, मोकळ्यावर ताणावी तेव्हा लाट लांब जाते. पण गिरगावात वीस मीटरची तार लपवायची कुठे? उंची वाढली की आवाज दूर पोचणार, आणि पोलिसांची नजरही. शिवाय दिशा शोधणाऱ्या गाड्या मागावर. म्हणून जागा पुनःपुन्हा बदलायची, आणि दर वेळी सारी मांडामांड नव्याने करायची. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीत धाड पडली. घात झाला तो आतल्याच एका तंत्रज्ञाने जागा सांगितल्यामुळे. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या येरवड्यातून सुटल्या.

माझ्यापुढचा पेच त्या मानाने किरकोळ, पण धडा शिकवणारा. सुरतेतल्या मित्राशी १४५ मेगाहर्ट्‌झवर बोलायचे होते. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. नऊ मीटर उंचीवरून क्षितिज साडेबारा किलोमीटरवर येते, सोळा मीटरवरून साडेसोळा. मी हावरेपणाने सोळा मीटर गाठले. रेडिओ मात्र खाली ओटीवर, म्हणून चाळीस मीटर बारीक केबल सोडली. मित्राला माझा आवाज जेमतेम ऐकू येई. हिशेब केला, तर पंचवीस वॅटपैकी वर पोचत होते अवघे चार. बाकीचे केबलने खाल्ले. चार किलोमीटरच्या क्षितिजासाठी मी एकवीस वॅट उधळले होते.

मग खांब नऊ मीटरवर आणला, रेडिओ माडीवरच्या खोलीत नेला, केबल बारा मीटरची केली. आता चौदा वॅट वर पोचतात. मित्राची तार पंचवीस मीटर उंच इमारतीवर आहे. तिचे वीस किलोमीटर आणि माझे बारा मिळून सुरत गाठता येते. उंची एकट्याची नसते, दोघांची मिळून असते.

याच बारडोलीत १९२८ साली महसूलवाढीविरुद्ध वल्लभभाईंनी सत्याग्रह चालवला. जप्तीवाले येताना दिसले की गावोगाव ढोल आणि शंख वाजत, आणि लोक दारांना कुलपे लावून निघून जात. त्या ढोलांना परवाना नव्हता, केबलही नव्हती. पण ऐकणारा गाव जागा होता. फितुरीने बुडालेले मुंबईचे केंद्र आणि जाग्या शेजारावर टिकलेली बारडोली ही दोन्ही मी एकाच वहीत लिहून ठेवली आहेत.

परवा पावसाआधी खांबाची अर्थिंगची पट्टी तपासत होतो. काका स्वतःच्या अगाशीवरून म्हणाले, “सुरत बोले छे?” मी माइक त्यांच्याकडे केला. काका क्षणभर गप्प राहिले, मग घसा साफ करून गुजरातीत बोलू लागले. पलीकडून मित्राने मराठीत उत्तर दिले. दोघांनाही दुभाष्या लागला नाही.