चोराचे वतन

टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत चढणे, लपणे, चाहूल घेणे, कुलूप काढणे असल्या कौशल्यांचा मक्ता ज्या पात्राकडे असतो, ते चोराचे पात्र घेऊन खेळण्यात काही अर्थ आहे किंवा नाही, हा कज्जा खेळाडूंमध्ये गेली पन्नास वर्षे चालू आहे. आणि त्याचा फैसला करण्यापूर्वी त्या पात्राची कुळी पाहणे अगत्याचे आहे, कारण कज्ज्याचे मूळ त्याच्या जन्मातच आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ च्या आरंभी तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला, तेव्हा त्यात चोर नव्हताच. योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते, आणि भुयारातील फसवे दार ओळखणे, भिंतीवर चढणे, पहारेकऱ्याच्या पाठीमागून निसटणे ही सर्वांचीच सामाईक कामे होती. त्या पुस्तिकांतील सामानाच्या दरपत्रकात एका सुवर्णनाण्याला मिळणारी दहा फुटी काठी आहे. तिने पुढची फरशी ठोकून पाहावी, छत चाचपावे, आणि आपण नेमके काय करतो आहोत ते पंचाला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तोंडाने सांगावे, अशी त्या काळची रीत होती. कौशल्य पात्राच्या कागदावर लिहिलेले नव्हते. ते खेळणाराच्या सावधपणात होते.

चोर आला तो कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथून. तेथील ‘एअरो हॉबीज’ या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी असा एक क्लास आपल्यापुरता रचला होता. त्याची वार्ता दूरध्वनीवरून गायगॅक्सच्या कानी गेली, आणि त्याने आपल्या पद्धतीने नियम बांधून १९७४ च्या जूनमध्ये ‘ग्रेट प्लेन्स गेम प्लेअर्स न्यूजलेटर’ या छोट्या पत्रिकेत ते छापले. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराची रीतसर नोंद झाली. जॅक व्हान्सचा धूर्त क्युगेल आणि रॉजर झेलाझ्नीचा छायांचा स्वामी जॅक या दोन कथानायकांचे ऋण गायगॅक्सने पुढे स्वतःच मान्य केले आहे. म्हणजे मागणी खेळाडूंची, रक्त कादंबऱ्यांचे आणि सनद गायगॅक्सची, अशी ही उत्पत्ती आहे.

परंतु सनद मिळाली की वतन होते, आणि वतन झाले की ज्याच्याकडे ते नाही त्याचा हक्क बुडतो. चोर भिंतीवर अमुक टक्के वेळा चढतो असे लिहिले जाताच, योद्ध्याने चढू नये असे कोठेही लिहिलेले नसताना, ते चोराचेच काम अशी समजूत रूढ झाली. बरे, वतनाचे उत्पन्न तरी पुरेसे असावे! याच खेळाच्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमपुस्तकात पहिल्या पातळीचा चोर शंभरात ८७ वेळा भिंत चढतो हे खरे, पण कुलूप १५ वेळा उघडतो, सापळा १० वेळा निकामी करतो आणि सावलीत १० वेळाच लपतो. त्याच्या प्राणशक्तीचा फासा चार बाजूंचा, मांत्रिकाइतकाच दुबळा. मोबदला म्हणून योद्ध्याला जेथे दुसऱ्या पातळीसाठी अनुभवाचे २००० गुण मिळवावे लागत तेथे चोराला १२०० पुरत. आणि तिसऱ्या पातळीवर चोराचे कुलूप शंभरात २५ वेळा उघडू लागते, त्याच पातळीवर मांत्रिकाला ‘नॉक’ हा मंत्र उपलब्ध होतो, जो दिवसातून एकदाच पण अचूक उघडतो. ‘चोर घ्यावा तरी कशाला?’ हा प्रश्न येथून निघाला, आणि तो अनाठायी नव्हता.

मला या ठिकाणी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातील शर्विलक हा चोर आठवतो. त्याचा या अमेरिकन खेळाशी ऐतिहासिक संबंध नाही. पण कुशल चोर रंगभूमीवर कसा उभा करावा याचा याहून उत्तम नमुना मला ठाऊक नाही. चारुदत्ताच्या घराची भिंत फोडण्यापूर्वी तो ती नित्याच्या अर्घ्यजलाने कोठे ओलसर झाली आहे ते पाहतो. विटा भाजक्या आहेत हे ओळखतो. चौर्यशास्त्रात सांगितलेल्या आकारांपैकी कोणता येथे शोभेल याचा विचार करून पूर्णकुंभ निवडतो. आणि मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यातल्या जानव्यानेच माप घेतो. त्याला यश आले हे सांगायला एक ओळ पुरली असती. पण प्रेक्षक खिळून राहतो तो त्या पाहण्यामुळे, पारखण्यामुळे आणि आयत्या वेळी सुचलेल्या युक्तीमुळे. फाशावर पडलेला आकडा यांतील काहीही दाखवू शकत नाही.

नियमकर्त्यांनी पुढे चोराच्या वतनातले हे व्यंग परोपरीने दूर करण्याची तजवीज केली. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने तर कौशल्याचे वतनच खालसा केले: ज्याने जे काम केले त्याला ते अधिक येऊ लागे, मग तो कोणीही असो. खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९८९ साली चोराला आपले टक्के स्वतः वाटून घेण्याची मुभा मिळाली; २००० साली त्याचे नाव ‘रोग’ झाले (आपल्या व्याधीशी या इंग्रजी शब्दाचा काही संबंध नाही; त्याचा अर्थ लबाड, लफंगा), आणि योद्ध्याला प्रत्येक पातळीला कौशल्याचे २ गुण तर त्याला ८, अशी ऐसपैस वाटणी झाली. मला सर्वांत समंजस वाटते ती २०१४ ची तरतूद: अकराव्या पातळीपासून, आपल्या सरावाच्या कामात वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा त्याखाली काहीही पडले, तरी ते १० धरावे. मुरलेला कारागीर सोप्या कामात फसत नाही, एवढी साधी गोष्ट नियमात उतरायला चाळीस वर्षे लागली.

माझा निवाडा असा की हा क्लास अवश्य खेळावा, पण टक्केवारीच्या आशेने खेळू नये; मंत्राशी आणि तरवारीशी आकड्यांत बरोबरी करायला गेलेला चोर बहुधा हरतो. तेव्हा पुढच्या बैठकीत चोराचा कागद आपल्या वाट्याला आला, तर बंद दारापुढे फासा उचलण्याआधी पंचाला विचारा: कुलूप कोणत्या धातूचे आहे, किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत काय, आणि दाराखालून वारा येतो आहे काय.