रस्त्याच्या कडेचा इतिहास

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हमरस्त्यांच्या कडेला इतिहास सांगणारे फलक उभारण्याचा उपक्रम १९२७ साली सुरू झाला. प्रिन्स एडवर्ड हा त्या राज्यातील एक ग्रामीण जिल्हा. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांचे पराभूत सैन्य याच भागातून माघारी गेले. त्या माघारीच्या वाटेवर फलकांची उणीव नाही. परंतु जिल्ह्यातील फार्मव्हिल गावचा एक फलक निराळीच कथा सांगतो.

तेथील मोटन शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे काही वर्ग डांबरी कागदाने मढविलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला दावा पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्यात समाविष्ट झाला व शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. तथापि, एकत्र शिक्षण टाळण्यासाठी जिल्ह्याने १९५९ पासून १९६४ पर्यंत सरकारी शाळाच बंद ठेवल्या!

सेनापतींची स्मृती राखणारे पुष्कळ असतात. शाळेसाठी झगडलेल्या मुलांची स्मृती समाजाने स्वतः जपावी लागते. ज्ञातिबांधवहो, आपल्या वडीलधाऱ्यांनी पदरमोड करून उभारलेल्या शाळा-वसतिगृहांच्या दारी असा एक तरी फलक आहे काय?